मालकिणीचं माहेर : १८७० च्या भिंतीपलीकडचा एक शोध

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रॉलीजवळच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी महिन्यातले दोन शनिवार वंशावळीच्या टेबलावर बसते. काम बिनपगारी. लोक पूर्वजांचे कागद घेऊन येतात आणि पुढची वही कुठे शोधायची ते मी सांगते. माझे वडील साताऱ्याला दिवाणी वकील होते. वाटणीचे दावे, वारसनोंदी, फेरफार हे शब्द आमच्या घरी भाजी-भाकरीबरोबरच ताटात पडायचे. ती शिदोरी इतक्या लांब कामाला येईल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं!

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय निवृत्त शिक्षिका टेबलाशी आल्या. इथे मी त्यांना 'बाई' म्हणते, शाळेतल्या बाईंना म्हणतो तसंच. काउंटीचं नाव, माणसांची नावं मी गाळली आहेत आणि काही वर्षं मागेपुढे केली आहेत. "नावं छापू नका, ती आमच्या घरची आहेत," असं त्यांनी बजावलं होतं. काउंटी म्हणजे आपल्या तालुका आणि जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. जमीन, लग्न, मृत्युपत्र, कोर्ट यांचे सगळे जुने कागद तिथल्या कचेरीतले.

बाईंच्या फोल्डरमध्ये आजोबांचा मृत्यूचा दाखला, अंत्यविधीच्या छापील पत्रिका आणि १८८० च्या जनगणनेच्या पानाची प्रत होती. त्यात पणजोबा घरचे कर्ते, त्यांची बायको, मुलं आणि 'आई' म्हणून नोंदलेली एक पन्नाशीची स्त्री. म्हणजे बाईंची खापरपणजी. ती गुलामगिरीत जन्मली हे घरात माहीत होतं. शिवाय एक ऐकीव गोष्ट होती : पणजोबांना लहानपणी आईपासून तोडून विकलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी कुटुंबाचं स्नेहसंमेलन होतं, दीडशे माणसं येणार होती, आणि बाईंना तिथे सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं. हाताशी दहा आठवडे.

अडचण

१८६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ३,३१,०५९ माणसं गुलाम होती. दर तीन माणसांमागे एक. त्या वर्षीच्या जनगणनेत ती आहेत, पण वेगळ्या तक्त्यात, मालकाच्या नावाखाली, वय, लिंग आणि रंग एवढ्यावर. नाव नाही. १८५० चंही तेच. नाव-आडनावासकट ती पहिल्यांदा दिसतात १८७० च्या जनगणनेत, आणि म्हणून या कामातले लोक '१८७० ची भिंत' असं म्हणतात. त्यात आणखी एक मेख : १८७० च्या तक्त्यात घरातल्या माणसांचं एकमेकांशी नातं लिहिलेलं नाही. ते सदर १८८० ला आलं.

१८७० च्या पानावर पणजोबा सापडले, वय १९. त्याच घरात चाळीस वर्षांची एक बाई आणि बारा वर्षांची मुलगी. पण पणजोबांचं आडनाव एक, त्या दोघींचं दुसरं. १८८० चं पान नसतं तर ती त्यांची आई आहे हे कळलंच नसतं.

पणजोबांच्या आडनावाचा एक बडा जमीनदार त्याच काउंटीत होता. बाईंच्या भाच्याने हे हेरलं होतं. १८६० च्या तक्त्यात या जमीनदाराच्या नावाखाली ३१ माणसं, त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आणि तीस वर्षांची एक स्त्री. भाच्याने गाठ मारली आणि इंटरनेटवरच्या वंशवृक्षात टाकून दिलं : मालक अमुक, आई ही. लोकांनी तिथून ते आपापल्या झाडांत उतरवूनही घेतलं होतं. संमेलनाचा कापडी फलकसुद्धा छापून तयार होता, त्यावर त्या जमीनदाराच्या वाड्याचं चित्र.

नऊ वर्षांचा मुलगा आणि तीस वर्षांची स्त्री हा काही पुरावा नाही. पूर्ण काउंटीचा तक्ता मी चाळला तेव्हा अशा जोड्या डझनाहून जास्त निघाल्या. त्यात मोजणीदार वयं अंदाजाने टाकायचे, त्यामुळे नऊ म्हणजे सात ते अकरा काहीही. भाच्याच्या तर्काला आधार होता तो फक्त आडनावाचा.

समोर असलेले मार्ग

पहिला, जमीनदाराचेच कागद खणायचे. मोठ्या माणसाचे कागद मोठे, सापडायला सोपे.

दुसरा, १८७० च्या घरापासून बाहेर सरकत जायचं : शेजारी कोण, साक्षीला कोण, लग्नात कोण. गुलामगिरी संपल्यावर पहिल्या पाच वर्षांत बरीच माणसं जुन्या जागेपासून फार लांब गेली नव्हती.

तिसरा, फ्रीडमेन्स ब्यूरोचे कागद. मुक्त झालेल्या लोकांसाठी १८६५ ते १८७२ चाललेलं हे सरकारी खातं. त्यात मजुरीचे करार, शिध्याच्या याद्या, तक्रारी आहेत, आणि बराचसा भाग नावाने शोधता येतो. आम्ही एका संध्याकाळी शोधलं, आमची माणसं त्यात नव्हती.

चौथा, डीएनए. भाच्याने चाचणी केलेली होती. पण डीएनए नातं सुचवतं, मालकाचं नाव आणि वर्ष सांगत नाही. ते मागे ठेवलं.

आणि पाचवा, पैसे देऊन व्यावसायिक संशोधक लावायचा. बाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं मुलांना स्वतः शोधा म्हणून सांगत आले." विषय संपला.

मी पहिला मार्ग निवडला. ती माझी चूक. बाईंनी दुसरा सुचवला होता, पण मी जाणकार ना!

पहिला प्रयत्न : तीन शनिवार

गुलाम केलेल्या माणसांची नावं काउंटीच्या वहीत तीन प्रसंगी हमखास उमटतात : मालक मेला, मालकाने कर्ज काढलं, किंवा मालकाने मुलगी उजवली. मेला की मिळकतीची यादी होते, आणि त्यात बैल, नांगर, पलंग यांच्या रांगेत माणसं येतात, पुढे किंमत. कर्ज काढलं की तारण म्हणून नावानिशी लिहून दिली जातात. मुलीच्या लग्नात बक्षीसपत्र होतं : अमुक बाई, 'आणि तिच्यापासून पुढे होणारी वाढ'. गोठ्यातल्या गाईबद्दल आपण जे बोलू ते. गुलाम आईचं मूल गुलाम, हा नियम व्हर्जिनियाने १६६२ मध्येच कायद्यात लिहिला होता आणि शेजारच्या वसाहतींतही तोच चालला.

आमचा जमीनदार मेला १८६८ ला. तोवर गुलामगिरी संपून तीन वर्षं झालेली, म्हणून त्याच्या मृत्युपत्रात आणि यादीत खेचरं आहेत, घड्याळ आहे, माणसं नाहीत. तो कर्जबाजारी नव्हता, तारणखत नाही. मुलगी नव्हती, बक्षीसपत्र नाही. खरेदीखतांच्या वहीत त्याने विकत घेतलेल्या सहा जणांची नावं सापडली, त्यांत आमचं कुणी नव्हतं. तीन शनिवार गेले. ३१ माणसांतल्या २५ जणांचं नाव कुठेच नाही, एवढंच हाती आलं.

इथे थांबून आणखी एक गोष्ट आधीच विचारात घ्यायला हवी होती. १८६० मध्ये दक्षिणेतल्या जवळपास निम्म्या मालकांकडे पाचाहून कमी माणसं होती. कागद बड्यांचे जास्त टिकतात, वाडे बड्यांचेच उभे राहतात, म्हणून शोधणारा आपोआप वाड्याकडे चालू लागतो.

दुसरा प्रयत्न : शेजार आणि माहेर

चौथ्या शनिवारी बाईंनी म्हटल्याप्रमाणे १८७० पासून सुरुवात केली. खापरपणजीचं आडनाव मुलापेक्षा वेगळं का? उत्तर १८६६ च्या वहीत मिळालं. गुलामांचं लग्न कायद्याला मान्यच नव्हतं, म्हणून मार्च १८६६ च्या कायद्याने नॉर्थ कॅरोलिनातल्या जोडप्यांना काउंटीच्या कारकुनासमोर किंवा न्यायाधीशासमोर येऊन, आम्ही इतकी वर्षं नवरा-बायको म्हणून राहतो आहोत, असं नोंदवायला सांगितलं. फी पंचवीस सेंट. बऱ्याच काउंट्यांत या नोंदी टिकल्या आहेत. आमच्या खापरपणजीचं नाव तिथे एका माणसाबरोबर आहे, मुदत 'बारा वर्षं'. १८७० ला ती त्याचंच आडनाव लावते. तो स्वतः १८७० ला घरात नाही. मधल्या चार वर्षांत गेला असावा, कारण १८७५ च्या पणजोबांच्या लग्नाच्या परवान्यावर वडील म्हणून त्याचं नाव आहे आणि पुढे 'मयत'.

बारा वर्षं म्हणजे १८५४. पणजोबांचा जन्म १८५१ च्या सुमाराचा. मग तो सख्खा बाप होता की मागाहून झालेला? की कारकुनासमोर अंदाजाने सांगितलेला आकडा? यावर आम्ही बराच वाद घातला. शेवटी लिहिलं : 'वडील, पणजोबांनी स्वतः सांगितलेले'. त्यांनी ज्याला बाप म्हटलं त्याला नाकारणारे आपण कोण, असं बाईंचं म्हणणं. मी माझ्या टिपणात मात्र १८५४ चा मुद्दा ठेवला आहे.

आता राहिलं पणजोबांचं आडनाव. ते बापाचं नाही. आईचंही नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने शेवटच्या मालकाचंच आडनाव लावलं असेल असं नसतं. कुणी आधीच्या मालकाचं लावलं, कुणी बापाचं, कुणी मनाला आलं ते. मग हे आलं कुठून?

१८७० च्या पानावर त्यांच्या घरापासून पाच घरं पलीकडे एक गोरी विधवा राहत होती, थोडी जमीन आणि दोन मुलं. आडनाव तिसरंच. मी तिच्यावरून दोनदा नजर फिरवून पुढे गेले होते. तिसऱ्यांदा वाचताना सहज तोंडातून निघालं, "हिचं माहेर कुठलं?"

बाईंना शब्द कळला नाही. समजावून सांगितलं : लग्नाआधीचं घर, जिथलं नाव सोडून ती आली ते. साताऱ्याला वडिलांच्या ऑफिसात वाटणीच्या दाव्यात पहिला प्रश्न हाच असायचा, कारण मुलगी सासरी गेली की सातबाऱ्यावर तिला ओळखता येत नाही. इथेही तेच. वही नावाने लावलेली, आणि बायकांचं नाव आयुष्यात एकदा तरी बदलतं. गुलामांच्या मालकिणी म्हणूनच शोधणाऱ्याच्या हातून निसटतात.

लग्नांच्या अनुक्रमणिकेत दहा मिनिटांत मिळालं. लग्न नोव्हेंबर १८५९, आणि माहेरचं आडनाव पणजोबांचंच. जमीनदार तिचा सख्खा काका निघाला.

वाटणीची फाइल

तिचा बाप, म्हणजे जमीनदाराचा धाकटा भाऊ, १८५३ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. मागे पाच मुलं. मृत्युपत्र नाही म्हणजे कोर्ट आलं, आणि कोर्ट आलं की कागद आले. नॉर्थ कॅरोलिनातल्या जुन्या काउंट्यांच्या अशा सुट्या इस्टेट फाइली मोठ्या संख्येने रॉलीच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत, आणि फॅमिलीसर्च या मोफत साइटवर त्यांची छायाचित्रंही पाहता येतात. नावानुसार लावलेल्या आहेत, पण मालकाच्या नावानुसार. आतली माणसं कुठल्याच अनुक्रमणिकेत नाहीत.

फाइलमध्ये सत्तरएक कागद होते. १८५३ ची यादी : अकरा माणसं. आमची खापरपणजी नावाने, आणि पुढे 'दोन पोरं', बिननावी.

त्यानंतर तीन वर्षं भाड्याच्या याद्या. मिळकतीची वाटणी होईपर्यंत माणसं दरसाल १ जानेवारीला लिलावाने वर्षभरासाठी भाड्याने दिली जायची. धट्टाकट्टा पुरुष असेल तर जास्त बोली लावणाऱ्याला. लेकुरवाळी बाई असेल तर उलट : तिला आणि पोरांना पोसायला जो कमीत कमी पैसे मागेल त्याला, आणि ते पैसे इस्टेटीतून दिले जायचे. खापरपणजी तीन वर्षांत तीन घरी राहिली. १८५४ च्या यादीत कारकुनाने पहिल्यांदा पोरांची नावं लिहिली. धाकट्याचं नाव पणजोबांचं. थोरली मुलगी होती, तिचं नाव कुटुंबात कुणीच ऐकलेलं नव्हतं.

जानेवारी १८५७ ला वाटणी. थोरला मुलगा मिसिसिपीला निघाला होता, त्याला आपला हिस्सा हवा होता. कोर्टाने शेजारचे जमीनवाले पंच नेमले. पंचांनी अकरा माणसांच्या किमती लावून पाच वाटे पाडले आणि चिठ्ठ्या काढल्या. वाट्यात कमी-जास्त झालं ते रोखीने भरून काढायचं : दुसऱ्या वाट्याने चौथ्याला इतके डॉलर द्यावेत. आपल्याकडे भावांच्या वाटणीत विहिरीचा हिस्सा जातो तसं. वाटा दुसरा, धाकट्या मुलीकडे, म्हणजे पुढच्या त्या विधवेकडे : खापरपणजी आणि तिचा मुलगा. वाटा चौथा, मिसिसिपीला जाणाऱ्या मुलाकडे : थोरली मुलगी. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. अशा वाटण्यांत अंगावरची आणि अगदी लहान पोरं आईच्या वाट्यात राहिलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. आठ-नऊच्या पुढच्या पोराला वेगळी किंमत लागते आणि वेगळी चिठ्ठीही.

घरातली ऐकीव गोष्ट इथे उलटी झाली. तुटले ते पणजोबा नव्हेत, त्यांची बहीण. विक्रीही झाली नाही, पावती नाही, लिलाव नाही. सहा वर्षांच्या मुलाने बहीण जाताना पाहिली आणि ती गोष्ट तीन पिढ्यांत त्याच्या स्वतःच्या नावावर चढली, असं मी समजते. हा माझा अंदाज. कागद एवढंच सांगतो की ती चौथ्या वाट्यात गेली.

धाकटी मुलगी तेव्हा अज्ञान. आपल्या सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) असतं तसा तिला पालक नेमला होता आणि तो पालक म्हणजे काका, तोच बडा जमीनदार. त्याने कोर्टाला दरवर्षी दिलेले हिशेब फाइलमध्ये आहेत. १८५८ च्या हिशेबात एक ओळ : सुईणीला दिले. तीच १८७० ची बारा वर्षांची मुलगी. म्हणजे भाचा अगदीच चुकला नव्हता. पणजोबा तीन वर्षं त्या जमीनदाराच्या हुकमाखाली होते, फक्त त्याच्या मालकीचे नव्हते.

१८५९ ला मालकिणीचं लग्न झालं आणि तेव्हाच्या कायद्याने तिची जंगम मिळकत नवऱ्याची झाली. विवाहित स्त्रीला स्वतःची मिळकत ठेवायचा हक्क नॉर्थ कॅरोलिनात आला १८६८ च्या राज्यघटनेने. तेव्हा १८६० चा तक्ता पुन्हा उघडला, या वेळी नवऱ्याच्या आडनावाखाली. तीन माणसं : स्त्री ३०, मुलगा ९, मुलगी २.

पुरावा किती भक्कम

भाच्याने विचारलं, आणि रास्त विचारलं : "मी नऊ आणि तीसवरून गाठ मारली तर चूक, तुम्ही मारली तर बरोबर?"

फरक क्रमाचा आहे. त्याने आधी आकडे घेतले आणि माणसं त्यांत बसवली. आम्हाला आधी नावं मिळाली, आईचं आणि मुलाचं, एकत्र, एकाच ठिकाणी, सलग तीन वर्षं. मग तीच मालकीण १८७० ला पाच घरांवर. मग मुलाचं आडनाव तिच्या माहेरचं. आकडे शेवटी तपासले आणि ते जुळले. तरीही मी 'सिद्ध' असा शब्द वापरला नाही. खापरपणजीचं नाव त्या काळात घरोघर आढळणारं. त्याच नावाची दुसरी बाई काउंटीत असणारच. आई-मुलाच्या नावांची तीच जोडी दुसऱ्या मालकाकडे मिळते का, ते पाहायला १८५० ते १८६५ मधल्या उपलब्ध याद्या दोन आठवडे चाळल्या. मिळाली नाही. म्हणून 'बहुतेक खात्रीने' असं लिहिलं.

बाईंना कसं सांगितलं

वाटणीचं पान सापडलं त्या रात्री साडेअकरा वाजता मी ते स्कॅन करून बाईंना ईमेलने धाडून दिलं. विषयाच्या ओळीत 'सापडलं!' इतकंच. उद्गारचिन्हासकट.

त्यांनी ते घरी एकट्याने उघडलं. सातवीच्या वर्गात हा विषय चाळीस वर्षं शिकवलेली बाई. पण स्वतःच्या रक्ताच्या माणसासमोर डॉलरमध्ये लिहिलेला आकडा त्या पहिल्यांदा पाहत होत्या, आणि तेही मध्यरात्री मोबाइलवर. पुढचे नऊ दिवस त्यांनी फोन उचलला नाही.

मग शनिवारी आल्या, पानाची मोठी प्रत काढून घेतली आणि पेन्सिल काढली. कारकुनाने खापरपणजीचं नाव एकाच फाइलीत तीन प्रकारे लिहिलं होतं. बाईंनी तिन्ही ठिकाणी गोल केले, समासात बरोबर स्पेलिंग घातलं आणि म्हणाल्या, "याला मी पास केला नसता."

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्याकडे असं होतं का. नाशिकला किंवा त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या सात पिढ्या मिळतात, हे मी त्यांना आधी मोठ्या अभिमानाने सांगून बसले होते. त्या वह्यांत कोण नाही, ते मात्र सांगितलं नव्हतं. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किमतींसह. त्यांच्या लेकरांची वही कुठल्या उपाध्यायाकडे असणार? हे सांगताना मला पेन्सिलसुद्धा सापडेना.

काय हाती लागलं

संमेलनात बाईंनी पंधरा मिनिटं सांगितलं. खापरपणजी, तिची तीन मुलं, १८५३ ते १८७० मधली तिची सहा-सात ठिकाणं. जमीनदाराच्या वाड्याच्या चित्रावर पांढरं कापड शिवून टाकलं होतं. भाच्याने झाड दुरुस्त केलं आणि का बदललं याची टीपही लावली. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती तशाच आहेत. काहींना निरोप पाठवले, दोघांनी बदललं.

विधवेच्या आजच्या वंशजांना पत्र लिहावं का, यावर निर्णय झाला नाही. त्यांच्याकडे जुनं कौटुंबिक बायबल किंवा हिशेबवही असू शकते, आणि अशा वह्यांत जन्मतारखा असतात. मसुदा तयार आहे, फोल्डरमध्ये आहे. पाठवायचं की नाही ते बाईंनी ठरवायचं. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा करणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

आडनावाच्या मागे आधी धावणार नाही. १८७० च्या घराच्या दोन्ही बाजूंची वीस-वीस घरं उतरवून काढीन, गोरी-काळी दोन्ही, आणि त्यांतल्या प्रत्येक गोऱ्या बाईचं माहेर लग्नाच्या अनुक्रमणिकेतून काढीन. हे काम एका दुपारचं होतं.

१८६६ ची वही पहिल्याच दिवशी उघडीन. व्हर्जिनियात तर त्या वर्षीच्या नोंदवह्यांमध्ये शेवटच्या मालकाचं नावही आहे, पण त्या थोड्याच काउंट्यांच्या टिकल्या. काउंटीची हद्द कधी बदलली तेही आधी पाहीन. आमच्या बाबतीत बदलली नव्हती, हे नशीब. व्हान्स काउंटी १८८१ मध्ये ग्रॅनव्हिल, वॉरन आणि फ्रँकलिनचे तुकडे जोडून झाली. तिथल्या माणसाने १८५० चे कागद व्हान्सच्या कचेरीत मागितले तर रिकाम्या हाताने परत येईल.

जे सापडलं नाही तेही लिहून ठेवीन. जमीनदाराच्या कागदांत कुठे-कुठे पाहिलं याचं टिपण मी ठेवलं नव्हतं, आणि मग भाच्याला पटवताना तेच सगळं पुन्हा पाहावं लागलं.

आणि कागद असा रात्री धाडणार नाही. आता सुरुवातीलाच विचारते : किमती दिसतील, कधी मारहाणीचे उल्लेख दिसतील, ते कसे पाहायचे आहेत, कुणासोबत, की आधी मी तोंडी सांगू? काही जण म्हणतात सगळं आत्ताच दाखवा. काही जण बहिणीला घेऊन येतात.

बहिणीचा शोध

थोरल्या मुलीचं काम अजून चालू आहे. मालकिणीच्या मिसिसिपीला गेलेल्या भावाची काउंटी मिळाली. १८६० च्या तक्त्यात त्याच्या नावाखाली सहा माणसं, त्यांत बारा वर्षांची एक मुलगी, बिननावी. १८७० ला ती बाविशीची, बहुधा लग्न झालेली, आडनाव कुठलंही. हरवलेल्या नातलगांसाठी मुक्त झालेले लोक वर्तमानपत्रांत जाहिराती देत. त्यांचा मोठा संग्रह आता ऑनलाइन आहे, तिथे दोन्ही बाजूंनी शोधलं, तिच्या नावाने आणि आईच्या नावाने. काही नाही. भाच्याच्या डीएनएत मिसिसिपीचे काही लांबचे नातलग दिसतात. तिचे वंशज असले तर बाईंच्या पिढीत नातं तिसऱ्या चुलत भावंडांचं होईल आणि तितक्या अंतरावर बहुतेक वेळा थोडंफार जुळतं. बाईंनी आता स्वतःची चाचणी द्यायचं मान्य केलं आहे.

भाऊ १८६५ आधी वारला असता तर त्याच्या यादीत तिचं नाव मिळालं असतं. १८७० च्या जनगणनेत तो हयात आहे, ठणठणीत. त्याच्या मुलींची लग्नं १८६५ नंतरची. मग तीनपैकी एकच प्रसंग उरतो, कर्जाचा, म्हणून तिथल्या खरेदीखतांच्या वहीची १८५७ ते १८६५ ची अनुक्रमणिका आम्ही मागवली आहे. नवीन जमीन घेऊन कापूस लावणारा माणूस, कर्ज काढलं असण्याची शक्यता बरी आहे. मागच्या शनिवारी अर्ज पाकिटात घालताना बाई जे म्हणाल्या ते मराठीत साधारण असं होईल : "देवा, तो मेला कर्जात बुडालेला निघू दे."